रस्त्यावरील मनुष्य आणि अंगावरील कॅमेरा

(व्याख्यानाचा मजकूर)



सदलगा हे दूधगंगेच्या काठचे गाव. चिकोडी तालुका, बेळगाव जिल्हा, राज्य कर्नाटक. आणि नदी ओलांडून दत्तवाडच्या बाजूला गेले की शिरोळ तालुका व महाराष्ट्र. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा येथे एकाच कट्ट्यावर, पुष्कळदा एकाच वाक्यात बोलल्या जातात. ऊस आणि तंबाखू यांवर पोसलेल्या या मुलखात कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या दारात कोणाची मोटारसायकल उभी होती, कोणी बाजारात काय घेतले आणि कोणी उधारीवर घेतले, हे दिवस मावळण्यापूर्वी चार गल्ल्यांना ठाऊक झालेले असते. अशा गावात खाजगीपणाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील तर तो प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही. जेथे सर्वांना सर्वांचे ठाऊक असते, तेथे लपविण्यासारखे उरते तरी काय?

उरते ते असे. गावाच्या पाहण्याला काही अलिखित मर्यादा असतात. पाहणारा स्वतःही दिसत असतो. तो कोणाचा कोण, हे पाहिले जाणाऱ्याला ठाऊक असते. नदीवर बायका धुणे धूत असतील तर पुरुषमाणूस वाट वाकडी करून जातो, आणि न गेल्यास त्याला विचारणारे कोणी तरी निघते. पाहिलेले विसरलेही जाते. दहा वर्षांपूर्वी कोण दारूच्या नशेत पारावर पडला होता हे लोकांना अंधुक आठवते. पण त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ते दृश्य जसेच्या तसे कोणी पुढे मांडू शकत नाही. आणि बोलबाला झाला तरी तो पंचक्रोशीत राहतो. शिवेपलीकडे त्याला कोणी ओळखत नाही.

अंगावर वागविता येणाऱ्या कॅमेऱ्याने या मर्यादा एका झटक्यात बाजूला सारल्या आहेत. चष्म्याच्या दांडीजवळ बसविलेले बटणाएवढे भिंग, शर्टाच्या खिशात खोचलेले पेन, मनगटावरचे घड्याळ, दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणावरचा लहानसा ठोकळा, पोलिसाच्या छातीवरची पेटी, ही सर्व त्याचीच रूपे. मेटा कंपनीने रे-बॅन या नाममुद्रेसह काढलेले कॅमेऱ्याचे चष्मे मे २०२५ मध्ये भारताच्या बाजारात अधिकृतपणे आले. सुरुवातीची किंमत २९,९०० रुपये. वजन साध्या जाड चौकटीच्या चष्म्याहून फारसे अधिक नाही. त्यातील कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे बाजारपेठेत पलीकडच्या दुकानी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येईल इतका स्पष्ट. चित्रण चालू असताना चौकटीवर एक पांढरा दिवा लागतो, आणि समोरच्याला सूचना मिळावी म्हणून तो ठेवला आहे असे उत्पादक सांगतात. भर उन्हात तो बारीक दिवा कोणाच्या लक्षात येईल, आणि लक्षात आला तरी त्याचा अर्थ बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईला कोण सांगणार? तो दिवा बंद पाडून देण्याचा धंदा करणारेही निघाले, हे २०२५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले.

हातातला मोबाइल निदान वर उचलावा तरी लागतो. त्या हालचालीने समोरचा सावध होतो, पदर सावरतो, तोंड फिरवितो किंवा सरळ 'फोटो का काढतोस?' असे विचारतो. जपान आणि दक्षिण कोरिया या देशांत मोबाइलच्या कॅमेऱ्याला आवाज असतो, तो गाडीतल्या गर्दीत चोरून चित्र घेणाऱ्यांना अटकाव व्हावा म्हणूनच. चष्म्याच्या बाबतीत ही उचलण्याची हालचालच नाहीशी झाली आहे. ज्याच्याकडे आपण बोलताना पाहतो त्याचे डोळे आणि त्याचा कॅमेरा एकाच जागी आहेत. बोलणाऱ्याने डोळ्याला डोळा देणे हीच आता चित्रणास संमती ठरावी, असा हा विचित्र प्रकार आहे.

यंत्र नवे असले तरी वाद जुना आहे. अमेरिकेत १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी हातात मावणारा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यापूर्वी छायाचित्र म्हणजे स्टुडिओत जाऊन, श्वास रोखून, स्वेच्छेने बसणे होते. कोडॅकनंतर रस्त्यात चालत्या माणसाचे चित्र त्याला न विचारता घेता येऊ लागले. अवघ्या दोन वर्षांत, १८९० मध्ये, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन कायदेपंडितांनी हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकात खाजगीपणाच्या हक्कावर जो निबंध लिहिला, त्यात झटपट छायाचित्रे आणि वृत्तपत्रे यांचा धोका स्पष्टपणे दाखविला होता. खाजगीपणाच्या आधुनिक कायद्याचा पाळणा असा कॅमेऱ्यानेच हलविला. सव्वाशे वर्षांनी गूगल कंपनीचा कॅमेरायुक्त चष्मा २०१३ मध्ये निवडक लोकांच्या डोळ्यांवर आला, तेव्हा अमेरिकेतील कित्येक उपाहारगृहांनी तो घालून आत येण्यास मज्जाव केला. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने सर्वसामान्यांसाठी त्याची विक्री थांबविली. त्या वेळी तो चष्मा चष्म्यासारखा दिसत नसे, म्हणून लोक बिचकले. आताचा चष्मा चष्म्यासारखाच दिसतो, आणि धोका तेथेच आहे.

याहून पुढची पायरी चेहरा ओळखण्याची. २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी असाच बाजारातला चष्मा आणि महाजालावर उपलब्ध असलेली चेहरे शोधण्याची सोय यांची सांगड घालून दाखविली. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाकडे पाहिले की त्याचे नाव व पत्ता यांसारखी माहिती काही क्षणांत मोबाइलवर येत असे. धोक्याची जाणीव व्हावी एवढ्यासाठीच त्यांनी हे केले आणि आपली प्रणाली खुली केली नाही. पण जे दोन विद्यार्थ्यांना जमले ते तिसऱ्याला जमणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही. गावाच्या शिवेबाहेर आपल्याला कोणी ओळखत नाही, हा आजवरचा सर्वांत मोठा आडोसा होता. निपाणीच्या किंवा बेळगावच्या दवाखान्यात, न्यायालयाच्या आवारात, नोकरी शोधताना, नवऱ्याच्या जाचातून सुटून आलेल्या बाईला याच आडोशाचा आधार असतो.

'खासगी' हा शब्द आपल्याकडे मूळचा दरबारी आहे. राज्याचा खजिना वेगळा आणि राजघराण्याची खासगी वेगळी. होळकरांच्या राज्यात खासगीचा हिशेब स्वतंत्र चाले, आणि अहिल्याबाईंची अनेक धर्मकृत्ये त्या खासगीतून झाली. तेव्हा खासगी असणे हा राजाराण्यांचा मान होता. रयतेला ती असावी अशी कल्पना कोणी केली नव्हती. स्वतंत्र भारतातही ती कल्पना कायद्यात उतरण्यास बराच काळ लागला. खडकसिंग यांच्या खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन झडती घेण्याचा नियम रद्द केला, पण खाजगीपण हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नव्हे असेच बहुमताने म्हटले. पुढे १९७५ नंतरच्या निकालांतून तो हक्क थोडाथोडा मान्य होत गेला. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. हा खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये त्यांनी याचिका केली तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. २०२४ मध्ये ते निवर्तले.

या निकालातील एक विचार आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. मनुष्य सार्वजनिक ठिकाणी आला एवढ्यानेच त्याचे खाजगीपण संपत नाही, कारण ते जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेले असते, असे तेथे प्रतिपादन केले आहे. घराच्या चार भिंती म्हणजे खाजगी आणि रस्ता म्हणजे सर्वांचा, ही ढोबळ समजूत त्यामुळे अपुरी ठरली.

तथापि न्यायालयाने तत्त्व सांगणे वेगळे आणि पोलिस ठाण्यात कलम लावणे वेगळे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ७७ व्या कलमान्वये स्त्री खाजगी कृत्यात असताना, म्हणजे जेथे आपल्याला कोणी पाहणार नाही असे तिने गृहीत धरलेले असते तेथे, तिला चोरून पाहणे किंवा तिचे चित्र घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे आणि पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे: चित्र घेण्यास संमती दिली म्हणजे ते इतरांना दाखविण्यास संमती दिली असे होत नाही. कलम ७८ पाठलागाविषयी, कलम ७९ स्त्रीच्या मर्यादेचा भंग करणारे शब्द, हावभाव व तिच्या खाजगीपणावरील आक्रमण यांविषयी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमात स्त्री-पुरुष असा भेद नाही. कोणाच्याही गुप्तांगाचे चित्र संमतीवाचून घेणे वा पाठविणे याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या सर्व कलमांच्या मधून जी मोठी फट राहते ती भर रस्त्यातली. बाजारात भाजी घेणारी, एस.टी.ची वाट पाहणारी, शेतातून भारा घेऊन येणारी स्त्री काही 'खाजगी कृत्यात' नसते. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच मुद्दा स्पष्ट केला: घरासमोर उघड्यावर उभ्या असलेल्या स्त्रीचे छायाचित्र घेणे हा चोरून पाहण्याच्या कलमाखालील गुन्हा होत नाही. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण त्यामुळे त्या स्त्रीला वाटलेली भीती खोटी ठरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही, याचा अनुभव कर्नाटकाच्या राजधानीने २०२५ मध्ये दोनदा घेतला. मे महिन्यात बंगळूरच्या मेट्रो गाडीत आणि स्थानकांवर स्त्रियांची त्यांच्या नकळत चित्रे घेऊन ती समाजमाध्यमावर टाकणारे एक खाते उघडकीस आले. जुलै महिन्यात चर्च स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावर असाच प्रकार झाला: रस्त्याचे दृश्य टिपतो आहोत असे भासवून मुलींच्या मागे कॅमेरा फिरविला गेला, आणि एका तरुणीला आपले चित्रण हजारो लोकांनी पाहिल्याचे नंतर कळले. तिने ते काढून टाकण्याची विनंती केली, तिला दाद मिळाली नाही, म्हणून तिने उघडपणे तक्रार मांडली. दोन्ही प्रकरणांत पोलिसांनी गुन्हे नोंदवून अटक केली. यात कोठेही नग्नता नव्हती, बंद दार नव्हते. रस्ता होता, उजेड होता, अंगभर कपडे होते. जे हिरावले गेले ते म्हणजे गर्दीत आपण कोणी विशेष नाही, हे साधे स्वातंत्र्य. आणि हे शहरात घडले म्हणून गावाने निश्चिंत राहू नये. शहरातल्या मुलीला निदान हजारांत हरवून जाता येते. सदलग्याच्या मुलीचे चित्रण गावातल्या एका मोबाइलवर आले की तिची शाळा सुटते.

कॅमेरा हा मुळात शत्रू आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. या सीमाभागात त्याचे अगदी वेगळे उदाहरण घडलेले आहे, आणि ते विस्ताराने सांगण्यासारखे आहे. निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांनी १९८० च्या सुमारास संघटना उभी केली. तंबाखूची भुकटी नाकातोंडात, दिवसभर उभे राहून चाळणे व निवडणे, मजुरी तुटपुंजी, आणि वर मालकाच्या माणसांचा जाच, असे ते जिणे होते. युगांतर नावाच्या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने, ज्यात दीपा धनराज या होत्या, १९८२ मध्ये या कामगार स्त्रियांवर माहितीपट केला. त्यांची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅमेरा लावण्यापूर्वी त्या या बायकांमध्ये राहिल्या, त्यांचे ऐकून घेतले, काय दाखवायचे याची चर्चा त्यांच्याबरोबर केली. ज्या बायकांचे चेहरे पडद्यावर आले त्यांना ते का येत आहेत हे ठाऊक होते. त्यांना ते यायला हवे होते. वखारीच्या भिंतीआड जे घडत होते ते जगाला दिसावे, यासाठी कॅमेरा त्यांचे हत्यार झाला.

समजा, त्याच वखारीत मुकादमाच्या डोळ्यावर आज कॅमेऱ्याचा चष्मा असता, आणि कोण बाई क्षणभर टेकली, कोण कोणाशी बोलली, संघटनेची पावती कोणाच्या हातात होती, हे सर्व टिपले गेले असते. बायका त्याच, वखार तीच, चेहरेही तेच. दोन चित्रणांत जो फरक आहे तो यंत्राचा नाही. एका ठिकाणी ज्याचे चित्र त्याच्या हाती चित्राचा हेतू आहे, दुसऱ्या ठिकाणी तो दुसऱ्याच्या हाती आहे.

याच गावाशी निगडित असलेला आणखी एक विचार येथे मनात येतो. दिगंबर जैन परंपरेतील थोर आचार्य विद्यासागर महाराज यांचा जन्म १९४६ मध्ये सदलग्याचा. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी छत्तीसगडमधील डोंगरगड येथे त्यांनी देह ठेवला. या मुलखात मुनींचा विहार चालू असतो तेव्हा गावातला मुसलमान, लिंगायत, मराठा सगळाच समाज रस्त्याच्या कडेला आदराने थांबतो. मुनींनी तर सर्व आवरणांचा त्याग केलेला असतो. त्यांना झाकण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही त्या विहाराचे दहा सेकंदांचे चित्रण, प्रसंगातून तोडून, ज्यांना त्या व्रताचा अर्थ ठाऊक नाही अशा लाखो लोकांपुढे थट्टेसाठी टाकले जाते, तेव्हा काहीतरी गैर घडलेले असते. दृश्याबरोबर ते पाहण्याची रीतही गावात असते. भिंगातून दृश्य तेवढे बाहेर जाते. बाळंतिणीच्या ओटीभरणीपासून मयताच्या घरच्या रडण्यापर्यंत अनेक गोष्टी सर्वांदेखत होतात, पण 'सर्व' म्हणजे कोण, हे तेथे ठरलेले असते.

शासकीय सेवेतील मंडळींनी या संदर्भात स्वतःकडेही पाहणे आवश्यक आहे, कारण नागरिकांवर रोखलेले कॅमेरे पुष्कळदा शासनाच्या कामासाठीच रोखलेले असतात. उघड्यावरील शौचविधी बंद व्हावा या अत्यंत योग्य हेतूने महाराष्ट्रात 'गुड मॉर्निंग पथके' फिरली. कोठे त्यांनी शिट्ट्या वाजविल्या, कोठे गुलाबाचे फूल दिले, आणि कोठे छायाचित्रेही घेतली. हेतू आरोग्याचा असला तरी टमरेल घेऊन निघालेल्या माणसाच्या, त्यातही स्त्रीच्या, लाजेला हत्यार बनविण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला, याचे उत्तर सापडत नाही. ज्याच्या घरी जागा नाही किंवा पाणी नाही, त्याची लाज काढल्याने जागा निर्माण होत नाही. राजस्थानातील प्रतापगड येथे १६ जून २०१७ रोजी हा प्रश्न जिवावर बेतला. शौचास बसलेल्या स्त्रियांची छायाचित्रे पालिकेची माणसे घेत होती, त्यास हरकत घेणाऱ्या एका कार्यकर्त्याचा त्या दिवशी मृत्यू झाला. मारहाणीमुळे मृत्यू झाल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला, प्रशासनाने तो नाकारला. मृत्यूच्या कारणाबद्दल वाद असो. स्वच्छतेच्या मोहिमेत छायाचित्रणाचे प्रयोजन काय होते, हा प्रश्न त्या वादाबाहेरही शिल्लक राहतो.

चित्र म्हणजे पुरावा, अशी एक भाबडी श्रद्धाही कचेऱ्यांतून वाढली आहे. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांची छायाचित्रे मोबाइलवरून पाठविण्याची सक्ती झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की असंबद्ध छायाचित्रे, छायाचित्रांचीच पुन्हा काढलेली छायाचित्रे, असे प्रकार चालू आहेत. प्रामाणिक मजूर उन्हात रांगेत उभा राहिला, आणि लबाडाने जुन्या चित्राचे चित्र पाठविले.

पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आणि बरीचशी स्वागतार्ह आहे. बंगळूर आणि मुंबई येथील वाहतूक पोलिसांच्या छातीवर तो दिसू लागला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती यांचे ध्वनिचित्रण करणे आता बंधनकारक आहे. त्यामुळे पंचनामा ठाण्यात बसून लिहिण्याची जुनी रीत अवघड होईल अशी आशा धरता येते. मात्र अशा कॅमेऱ्याने वर्तन सुधारतेच असे गृहीत धरू नये. अमेरिकेतील रिआल्टो या लहान शहरात २०१२-१३ मध्ये झालेल्या प्रयोगात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी फार मोठ्या प्रमाणात घटल्या. पण वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. कॅमेरा केव्हा चालू करायचा, बंद करण्याची मुभा कोणाला, चित्रण किती दिवस ठेवायचे आणि ज्याचे चित्रण झाले त्याला ते मागता येईल की नाही, यावर सर्व अवलंबून आहे. भिंतीवरच्या कॅमेऱ्याचे निदान ठिकाण ठरलेले असते आणि त्याचा धनी कोण हे विचारता येते. कर्नाटकाच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना असे कॅमेरे बसवून चित्रण ३० दिवस जपण्याचे बंधन घातले आहे.

नागरिकानेही शासनाकडे कॅमेरा रोखावा का? याचे उत्तर नागपूर खंडपीठाच्या २०२२ च्या निर्णयात मिळते. वर्धा येथील एका पोलिस ठाण्यात मोबाइलवर चित्रण केले म्हणून एका नागरिकावर शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदविला गेला होता. पोलिस ठाणे हे त्या कायद्यातील 'निषिद्ध स्थान' नव्हे, असे सांगून न्यायालयाने तो रद्द केला. टेबलामागच्या माणसाने आपले काम उजेडात करावे आणि टेबलासमोरच्या माणसाचे दुःख उजेडात आणू नये, हा साधा विवेक येथे उपयोगी पडतो. ग्रामसभेचे चित्रण करणे चांगले. पण त्याच सभेत एखादी विधवा निराधार वेतनासाठी आपले दारिद्र्य सांगत असेल तर तो भाग वगळावा.

शिक्षकवर्गासाठी दोन शब्द. शाळेत आज पोषण आहाराची, गणवेश वाटपाची, वृक्षारोपणाची छायाचित्रे निघतात आणि ती दिवस मावळण्यापूर्वी चार-सहा समूहांत फिरतात. बहुतेक वेळा हे वरून मागितलेल्या अहवालासाठी असते, हे खरे. तरीही मोफत वह्या घेताना मुलाचा चेहरा दिसण्याची गरज कोणत्या अहवालाला आहे? मागून घेतलेले चित्र चालते. कृष्णा-दूधगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत मदतीची पाकिटे देताना देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचे तोंड एकाच चौकटीत बसविण्याची जी चढाओढ महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे दिसली, तिचे धडे मुलांनी गिरवू नयेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाच्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती लागेल, हे त्याचे एक सूत्र आहे. मात्र एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कारणासाठी केलेले चित्रण या कायद्याबाहेर ठेवले आहे, म्हणजे चष्मा घालून फिरणारा हौशी तरुण पुष्कळदा त्याच्या कक्षेत येणारच नाही. ही उणीव ध्यानात घेऊनच शाळा, पुरसभा, देवस्थाने आणि यात्रा-समित्या यांनी आपापल्या आवारापुरते नियम करावेत. नदीचा घाट, प्रसूतिगृह, स्वच्छतागृहांचा परिसर, मुलींच्या खेळाचे मैदान येथे अंगावरील कॅमेरा चालणार नाही, अशी पाटी दोन्ही भाषांत लावण्यास कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि तरीही एखादे चित्रण बाहेर गेलेच तर? पहिली गोष्ट, ते 'बघा, कसा अन्याय झाला' असे म्हणूनसुद्धा कोणी पुढे पाठवू नये. ज्या खात्यावर ते आले त्याचा दुवा, तारीख आणि वेळ यांची नोंद ठेवावी आणि पडद्याचे चित्र घेऊन ठेवावे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे गुप्तांग, नग्नता किंवा लैंगिक कृत्य दाखविणाऱ्या, तसेच खोटे रूप देऊन बनविलेल्या चित्रांविषयी त्या व्यक्तीने अथवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, तर समाजमाध्यमाच्या कंपनीने २ तासांच्या आत ते हटविण्याची कार्यवाही करावयाची आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

सीमाभागातील लोकांना येथे एक नेहमीची अडचण येते. चित्रण सदलग्याच्या बाजारात झाले, टाकणारा कोल्हापुरास राहतो, आणि मुलगी शिकावयास सांगलीला आहे. तक्रार कोठे द्यावयाची? या हद्दीच्या प्रश्नावर पूर्वी माणसे दोन राज्यांत हेलपाटे घालून थकत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने आता हे स्पष्ट केले आहे की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ठाण्याने ती नोंदवून योग्य ठिकाणी वर्ग करावयाची असते. इलेक्ट्रॉनिक साधनाने खबर दिल्यास तीन दिवसांत जाऊन त्यावर सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. भाषेचा अडसरही सांगितला जाईल. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. सदलग्याच्या मुलीने आपली तक्रार मराठीत लिहिली काय किंवा कानडीत लिहिली काय, ती घेतलीच पाहिजे.